सिर्निकी: तुमच्या तव्यावर कशी जमली?

रशियात कझानला मेडिकलची सहा वर्षं काढली. डिसेंबरात सकाळी साडेसातलाही बाहेर मिट्ट काळोख. हॉस्टेलसमोरच्या स्तलोवायात, म्हणजे साध्या कँटीनमध्ये, काचेमागे सिर्निकी, म्हणजे त्वोरोग या तिकडच्या ताज्या चीजच्या चपट्या गोड टिक्क्या, मांडलेली असायची. बोटभर जाड, सोनेरी, आत बेदाणे. दोन सिर्निकी, वर चमचाभर स्मेताना (आंबवलेली दाट साय) आणि काळा चहा. एवढ्यावर दुपारपर्यंत भूक लागायची नाही.

2019 मध्ये पुण्याला परत आले आणि घरी करायला घेतली, तर जमेनात. चक्का घेतला, तो तव्यावर पसरला. पनीर किसून घेतलं, तर रवाळ कटलेट झालं. खरी गोम त्वोरोगमध्ये आहे हे तेव्हा कळलं. पनीरसाठी आपण तापलेलं दूध फाडतो, म्हणून ते चिवट होतं. चक्का न तापवता टांगतो, म्हणून तो ओलसर राहतो. त्वोरोगसाठी आधी दूध विरजतात, मग ते हलकं तापवतात, मग टांगतात.

आता मी दोन लिटर गायीच्या दुधाचं दही लावते. ते पातेलं गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवते, कडेला हिरवट पाणी सुटलं की उतरवते आणि रात्रभर पंच्यात टांगते. साधारण 400 ग्रॅम निघतं. (पाणी फेकू नका, कणीक भिजवा.) त्यात एक अंडं, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे मैदा. मिश्रण हाताला चिकटतं म्हणून मैदा वाढवत गेलात तर सिर्निकी दडस होतात. त्यापेक्षा हात ओले करून चपटे गोळे वळा, वरून मैद्यात घोळवा, मंद आचेवर झाकण ठेवून भाजा. बेदाणे दहा मिनिटं गरम पाण्यात, मग फडक्यावर पूर्ण कोरडे. ओलेच घातलेत तर रात्रभर टांगल्याचा उपयोग नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जण त्या भागात राहून आलेत. कुणी शिकवलं, कुठे बिघडलं, काय बदललंत, सविस्तर लिहा.

*

ताई, मी युक्रेनमध्ये विनित्सियाला होतो, चौथ्या वर्षापर्यंत. आम्ही तिघं मुलं एका आजींच्या घरात भाड्याने राहायचो. युक्रेनियनमध्ये त्वोरोगला 'सिर'च म्हणतात, त्यामुळे 'सिर्निकी' नाव का पडलं हे तिथे कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही. रशियनमध्ये आता 'सिर' म्हणजे चीज, म्हणून नवीन माणूस गोंधळतो.

आजी बेदाण्यांऐवजी सुके जर्दाळू घालायच्या. कात्रीने हरभऱ्याएवढे तुकडे करायच्या, सुरीने नाही, सुरीला ते चिकटतात. मोठा तुकडा राहिला तर सिर्निक तिथेच चिरतो, हे मला त्यांनी दोनदा करून दाखवलं.

24 फेब्रुवारी 2022 ला पहाटे युद्ध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी आम्हाला रोमानियाच्या सीमेकडे जाणारी बस मिळाली. आजींनी रात्री जागून, घरात होता तो सगळा सिर वापरून सिर्निकी केली आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून दिली. सीमेवरच्या रांगेत थंडीत उभं राहून ती आम्ही खाल्ली. शेजारी एक केरळचा मुलगा होता, त्यालाही दिली. तो डबा मी लातूरला घेऊन आलो. आईने त्यात काही भरलेलं नाही अजून.

आजींशी व्हायबरवर बोलणं होतं. मागच्या महिन्यात आईने सिर्निकी केली, फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: आच जास्त झाली.

*

मी मैद्याऐवजी बारीक रवा घालते, दोन चमचे. वीस मिनिटं झाकून ठेवायचं, रवा जास्तीचं पाणी ओढून घेतो. घरच्या त्वोरोगला हाच उपाय बरा.

*

मी इस्रायलमधल्या अश्दोदची. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आजी रेवदंड्याची, घरात अजून मराठीच. आमच्या जिन्यासमोरची बाई 1991 मध्ये ओडेसाहून आली, तिच्याकडून शिकले. इथे रशियन दुकानांत तयार त्वोरोग मिळतो, त्यामुळे टांगाटांगी नाही.

मी शावुओतला करते, त्या सणाला दुधाचेच पदार्थ असतात. मांसाच्या जेवणानंतर मात्र आमच्या धर्मात दुधाचं चालत नाही. आजीचा गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात असतो तो त्याचसाठी. मी बेदाण्यांबरोबर खजूर घालते आणि साखर निम्मी करते. खजुराचा तुकडा बाहेर डोकावला तर करपून कडू होतो, म्हणून वळताना बोटाने आत दाबायचा.

*

1977 ते 1983 मी मॉस्कोला लुमुंबा विद्यापीठात होतो. तिथे बेदाणे मोजकेच असत, एका सिर्निकमध्ये तीन-चार. आता घरी सौ. अंडं खात नाहीत, म्हणून मी अंड्याऐवजी एक चमचा कॉर्नफ्लोअर घालतो. त्वोरोग खरोखर कोरडा असेल तर सुटत नाही. गोळे लहान ठेवा, लिंबाएवढे.

*

मी तासगावचा, बेदाणा करतो. मुलगी किर्गिझस्तानात बिश्केकला शिकते, तिने फोटो पाठवले म्हणून इथे आलो.

बेदाणा भिजवण्याबद्दल थोडं सांगतो. हिरवी द्राक्षं शेडवर टाकण्याआधी आम्ही पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतो. त्याने सालीवरचा मेणचट थर फुटतो आणि माल पंधरा दिवसांच्या आत सुकतो. पिवळ्या मालाला गंधकाची धुरीही असते. म्हणून भिजवायच्या आधी बेदाणा कोमट पाण्यात चोळून धुवा आणि ते पाणी टाका, मग दुसऱ्या पाण्यात भिजवा. चव स्वच्छ लागते. आणि देठ काढा, दुकानातल्या मालातही राहतात.

*

दादा, आज सकाळी तसंच केलं. दोनदा धुतले, दुसऱ्या पाण्यात भिजवले. बेदाण्यांचा तो हलका उग्र वास गेला, जो मी आजवर त्वोरोगचा समजत होते. आता सांगा, काळा बेदाणा घातला तर सिर्निकीत रंग सुटेल का? मुलीला विचारून लिहा.