"प्रार्थनेसाठी सांगते हं..." : चहाडी आणि दोष काढणं, आपापले अनुभव लिहा

सलाम मंडळी. धाग्याला निमित्त माझंच आहे, म्हणून आधी मीच लिहिते.

मागच्या महिन्यात प्रार्थना सभेआधी खुर्च्या लावताना एका ताईंना म्हणाले, "त्या दोघांसाठी प्रार्थना करा हं, सध्या वेगळे राहतायत." दहा दिवसांनी तेच वाक्य फिरून माझ्याकडे आलं. वाटेत त्याला एक 'दुसरी बाई' चिकटली होती. सांगणारीने आवाज अगदी माझ्यासारखाच खाली आणला होता आणि सुरुवातही तीच, "प्रार्थनेसाठी सांगते हं." त्या दहा दिवसांत मी स्वतः त्या दोघांसाठी एकदाही प्रार्थना केली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं.

बायबलमधलं कुसळ आणि मुसळ (मत्तय 7) संडे स्कूलपासून पाठ आहे. पण तो उतारा वाचला जातो तेव्हा मला हटकून दुसरंच कुणीतरी आठवतं. तुमचं काय? सावरलेले, फसलेले, सगळे अनुभव येऊ द्या. फक्त माणूस किंवा मंडळी (चर्च) ओळखू येईल असं काही नको, नाहीतर हाच धागा चहाडीचा व्हायचा.

* * *

मी कॅथलिक. ऑफिसातल्या एकाने आधीच्या नोकरीत पैशाचा घोळ केला होता आणि भरपाई करून तो त्यातून सुटला होता. मी ते दोन-तीन जणांना सांगितलं. अफवा नव्हती, खरं होतं, म्हणून मनाला कधी टोचलं नाही. पापनिवेदनाच्या (कन्फेशनच्या) वेळीसुद्धा सहज बोलता बोलता आलं. फादरांनी एवढंच विचारलं, "ऐकणाऱ्यांना ते कळायची गरज होती?"

घरी येऊन कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ काढला. परिच्छेद 2477 मध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्यात : पुरेशा आधाराशिवाय मनातल्या मनात एखाद्याला दोषी ठरवणं, रास्त कारण नसताना दुसऱ्याचे खरे दोष उघड करणं आणि खोटं सांगून बदनामी करणं. मी आजवर फक्त तिसऱ्यालाच पाप समजत होतो. नुकसान भरून काढायची जबाबदारीही आपलीच, असं पुढे 2487 मध्ये आहे. आता त्याची माफी मागायची, तर मी काय पसरवलं ते आधी त्यालाच सांगावं लागणार. अजून गेलेलो नाही.

* * *

कुणी फोनवर दुसऱ्याबद्दल सुरू झालं की "हे तुम्ही त्यांच्याशी बोललात का?" एवढंच विचारते. फोन दोन मिनिटांत संपतो. दोन मैत्रिणी कमी झाल्या, खोटं कशाला बोलू. नीतिसूत्रे 26:20, सरपण संपलं की विस्तव विझतो. पण मग थंडी वाजते हो.

* * *

मी जरा विरोधी सूर लावतो. आमच्या चर्चमध्ये कुणी हिशेब मागितला की "दोष काढू नका" हे मत्तय 7 चं पहिलंच वचन तोंडावर फेकलं जायचं. दोन वर्षं गप्प बसलो. मग एकदा उतारा पुढे वाचला. पाचव्या वचनात येशू म्हणतो की आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाचं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचं आहेच! आणि योहान 7:24 मध्ये तोच सांगतो की तोंडदेखला न्याय करू नका, यथार्थ करा.

कसं करायचं तेही मत्तय 18 मध्ये आहे. आधी एकट्याने त्याच्याकडे जा. नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा. तरी नाही, तर मंडळीला सांग. आपण बरोबर उलटं करतो, गावभर झाल्यावर शेवटी त्याला. मी एकटा गेलो. खजिनदारांनी आत बोलावलं नाही, दारातच बोलणं झालं, आवाज चढला. पुढच्या बैठकीत पावत्या मात्र आल्या.

* * *

(धागाकर्ती) वरच्या प्रतिसादाला माझा दुजोरा. एक भर घालते. मारहाण, मुलांचा छळ असलं काही असेल तर ते सांगणं चहाडी नव्हे. तिथे एकट्याने समजूत घालत बसू नका, सरळ तक्रार करा. "बोभाटा नको" म्हणून झाकलेलं पुढे कुणाला भोवतं ते मी पाहिलंय. त्यावर इथे लिहिणार नाही.

* * *

जुन्या काळचे बिशप संत ऑगस्टीन, त्याच्या जेवणाच्या मेजावर ओळी लिहिलेल्या होत्या, की गैरहजर माणसाची निंदा करायची ज्याला हौस, त्याला इथे जागा नाही. त्याचा शिष्य पोसिडियस याने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात आहे की एकदा त्याचे जवळचे बिशपच ते विसरून सुरू झाले. ऑगस्टीन चिडून म्हणाला, या ओळी पुसा, नाहीतर मीच उठून जातो. बिशपांनाही जमत नव्हतं, हे वाचून मला बरं वाटलं. मीही घरी तशी चिठ्ठी लावली. तिसऱ्याच दिवशी मुलीने ती मोठ्याने वाचून दाखवली. मलाच.

* * *

मी दुसऱ्या बाजूची. ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा माझ्यासाठी किती जण प्रार्थना करतायत हे मला तिसऱ्याकडून कळलं. मला येऊन कुणी विचारलंच नव्हतं. उपासनेला गेले की बाकावरचं बोलणं थांबायचं. ते थांबणं फार मोठ्याने ऐकू यायचं.

गणना 12 मध्ये मोशेची बहीण मिर्याम मोशेच्या बायकोवरून त्याच्याविरुद्ध बोलते, तिला कोड उठतं आणि सात दिवस छावणीबाहेर राहावं लागतं. कबूल करते, ते वाचून तेव्हा मला गारगार वाटायचं. तिच्यासाठी गयावया करणारा मोशेच होता आणि ती परत येईपर्यंत लोकांनी तळ हलवला नाही, हे मी कितीदा वाचूनही सोडून देत होते.

वर्षभराने एक बाई घरी आल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "ते मीच पसरवलं होतं." पर्सची चेन सारखी उघडत होत्या, लावत होत्या. "माफ केलं" माझ्या तोंडून निघेना. "बसा" म्हणाले. त्या बसल्या.