इंजिनबांधणी आणि परफॉर्मन्ससाठीचे बदल: शिकायला सुरुवात कोठून करावी?

क्रँककेस (प्रश्न)
मी यंत्र अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. ऑटो सायकल (पेट्रोल इंजिनाचे आदर्श चक्र) आणि पीव्ही (दाब-आकारमान) आकृती परीक्षेपुरत्या येतात, परंतु इंजिन उघडून पुन्हा बांधणे आणि त्याची शक्ती वाढवणे कोणत्या क्रमाने शिकावे, हे उमगत नाही. भंगारातून जुन्या मारुती एस्टीमचे १२९८ सीसीचे इंजिन मिळू शकते. कोणी हेड (सिलिंडरवरचे झाकण) घासून घ्यायला सांगतो, कोणी कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलायला, तर कोणी थेट टर्बो (हवा दाबून भरणारे यंत्र) बसवायला. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लेथवाला
इंजिनाची निवड चांगली आहे. जिप्सीतही याच कुळातले इंजिन असल्याने भारतीय रॅलींमध्ये त्यावर पुष्कळ काम झाले आहे. मात्र पहिल्या खेपेला शक्ती वाढवण्याचा विचार बाजूला ठेवून ते कंपनीच्या मापांत परत बांधा. मायक्रोमीटर, बोअर गेज, फीलर गेज आणि टॉर्क रेंच एवढी साधने हाताशी हवीत. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, शिवाय काटकोनातल्या दोन दिशांनी मोजला की झीज कोठे झाली आहे ते कळते. पिस्टनची वरची रिंग जेथे दिशा बदलते तेथे झीज बहुधा सर्वाधिक असते. रिबोअर (सिलिंडर कापून मोठा) करायचे, नुसते होनिंग (आतली भिंत बारीक घासणे) करायचे की काहीच करायचे नाही, हे या आकड्यांवरून ठरते, मिस्त्रीच्या अंदाजावरून नव्हे. बेअरिंगची फट प्लास्टिगेजने (दाबल्यावर पसरणारा मऊ धागा, त्याच्या रुंदीवरून फट कळते) तपासता येते.

हेड घासण्यापूर्वी हिशेब करावा. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३२४.७ सीसी होते. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली आणि वर असतानाच्या आकारमानांचे गुणोत्तर) ९.५ धरला, तर पिस्टनच्या वर ३८.२ सीसी जागा उरते. हेड अर्धा मिमी घासले, तर फार तर २.१ सीसी कमी होतील आणि रेशो १० च्या आसपास जाईल. ज्वलनकक्षाचे तोंड बोअरपेक्षा लहान असल्यामुळे प्रत्यक्षात याहून कमीच. कक्षावर ॲक्रिलिकची पट्टी ठेवून ब्यूरेटने द्रव भरून प्रत्येक कक्ष मोजा. चारही कक्ष सारखे करणे हे, माझ्या मते, नव्या कॅमपेक्षा अधिक शिकवून जाते.

इग्निशन_मॅप
वरील सल्ला योग्य आहे, पण त्यात एक भर घालतो. हेड घासले की कॅम आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) यांतले अंतर कमी होऊन बेल्टवर चालणारा कॅम किंचित मागे पडतो, त्यामुळे व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) पुन्हा तपासावे लागते.

शक्ती कोठून येते, हे एका सूत्रात दिसते: टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घेऊन आरपीएमने (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी) गुणले आणि ९५४९ ने भागले की किलोवॅट मिळतात. म्हणजे एक तर प्रत्येक फेरीत जास्त हवा भरावी किंवा फेऱ्या वाढवाव्यात. व्हॉल्व्ह जास्त काळ उघडे ठेवणारा कॅम वरच्या फेऱ्यांत हवा भरतो, पण खालच्या फेऱ्यांतला टॉर्क खातो, आणि पुण्याच्या रहदारीत अशी गाडी चालवणे ही शिक्षाच आहे. फेऱ्या वाढवण्याची किंमत तर अधिक मोठी आहे: ६००० वरून ७५०० वर गेल्यास कनेक्टिंग रॉडवरचे जडत्वाचे बल वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ५६ टक्क्यांनी वाढते.

हवा-पेट्रोलचे आदर्श प्रमाण १४.७ असले, तरी पूर्ण थ्रोटलला ते साधारण १२.५ ते १३ ठेवावे लागते. वाइडबँड सेन्सरशिवाय (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हे प्रमाण दाखवणारा) हे जुळवणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय. इग्निशन जास्त पुढे घेतले, म्हणजे ठिणगी फार लवकर पाडली, तर नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका) पिस्टनचा बळी घेते. टर्बो म्हणूनच सर्वांत शेवटी.

ट्रॅकडे
कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. तेव्हा हे इंजिन रस्त्यावरच्या गाडीत न घालता स्टँडवरच चालवा.

पदविकेनंतर पदवीला जाणार असाल, तर महाविद्यालयाच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी शर्यतीची गाडी बांधण्याची स्पर्धा) चमूत शिरा. तेथे पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या मार्गात २० मिमीचा रिस्ट्रिक्टर (हवा रोखणारा अरुंद गळा) सक्तीचा असतो. त्याच्या गळ्यात हवा ध्वनिवेगाला पोहोचली की इंजिनाने कितीही ओढले तरी अधिक हवा आत जात नाही. मग इनटेकची लांबी, प्लेनमचे (हवा साठवणाऱ्या पेटीचे) आकारमान आणि मॅपिंग (इंधन व ठिणगीची जुळवणी) यांवरच डोके चालवावे लागते. असे शिक्षण गॅरेजमध्ये क्वचितच मिळते.

क्रँककेस
सर्वांचे आभार. प्रथम मोजमापच करतो. नव्या रिंगांची टोके घासून गॅप वाढवावी लागते असे ऐकले आहे. नव्या भागाला कानस का लावायची?

लेथवाला
प्रत्येक वेळी लावावी लागत नाही. रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालून पिस्टनने सरळ खाली ढकला आणि टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. ती मॅन्युअलच्या मर्यादेत असेल, तर हात लावू नका. कमी असेल, तरच घासा. तापल्यावर रिंग लांबते आणि टोके एकमेकांना भिडली की ती सिलिंडरच्या भिंतीवर दाबली जाऊन ओरखडे पाडते. टर्बोच्या इंजिनात उष्णता अधिक, म्हणून तेथे गॅप मुद्दाम वाढीव ठेवतात.