पुन्हा तपासणी करायची का? तुमचे अनुभव लिहा

गवतीचहा

काल रेशनकार्ड शोधताना कपाटाच्या तळाशी ती निळी फाइल निघाली, लेकीच्या अध्ययन अक्षमतेच्या तपासणीची, म्हणजे वाचताना, लिहिताना, आकड्यांत अडतं त्याची. ओल धरलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. पहिल्याच पानावर लेकीचा तिसरीतला फोटो. दोन शेंड्या, पुढचे दात गायब.

तेव्हा साडेआठ वर्षांची होती. सरकारी हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही सकाळी साडेसातपासून बसलेलो, नंबर लागला सव्वाअकराला. डब्यातला पोळीचा लाडू नऊलाच संपलेला. आत बाईंनी ठोकळे जुळवायला दिले, आकडे उलट्या क्रमाने म्हणायला लावले, मग एक उतारा. दार नीट लागत नव्हतं म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. 'धरण'चं 'घरण' व्हायचं, मग थांबायची, मग नुसतंच 'घर' म्हणून पुढे. आणि मी दाराबाहेर ओठ हलवतेय! जशी काही ती मला बघणार होती.

आता नोव्हेंबरात चौदा पूर्ण होतील. आठवी. शाळेतल्या काउन्सेलर म्हणतात दहावीच्या सवलती (जादा वेळ, पेपर लिहून द्यायला रायटर वगैरे) हव्या असतील तर नव्याने टेस्टिंग करून घ्या. नवरा म्हणतो, वाचते की आता, कशाला परत शिक्का. सासूबाई म्हणतात, सुटली एकदाची त्यातून, उकरू नका. लेक म्हणते, "मी ते ठोकळे जुळवायला जाणार नाही. मी काय बालवाडीत आहे?"

माझी भीती वेगळीच. तिचं वाचन खरंच सुधारलंय. टेस्ट चांगली गेली तर सवलत जायची. वाईट गेली तर एवढी वर्षं रेमेडियलला, त्या खास शिकवणीला, गेले त्याचं काय झालं असं तिला वाटायचं. चांगली जावी म्हणू की वाईट, देवापुढे उभं राहून नक्की काय मागू तेच कळत नाहीये.

ज्यांनी दुसऱ्यांदा केलं त्यांनी लिहा. नाही केलं त्यांनीही.

मिरजेची_मावशी

ओठ हलवत होते 😭 अगं मी पण तेच. भाच्याच्या वेळी. सविस्तर लिहिते, कुकरच्या तीन झाल्या.

पाटीपेन्सिल

३१ वर्षं शिक्षिका होते, शेवटची काही वर्षं बोर्डाच्या फायली माझ्याकडेच. तेव्हा आधी रुक्ष माहिती. अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आली. त्यानंतरच्या, म्हणजे २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं होतं की प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच द्यायचं, मग चौदाव्या वर्षी पुन्हा तपासायचं, अठराव्या वर्षी पुन्हा. अठराचं मिळालं की ते आयुष्यभराचं. म्हणजे तुमच्या काउन्सेलरबाईंनी चौदा आकडा मनाने काढलेला नाही. सध्याचं काय ते शाळेत विचारून घ्या, परिपत्रकं बदलत असतात.

सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. म्हणून आठवी-नववीतच उरका. दहावीच्या दिवाळीनंतर येणारे पालक मी पाहिलेत. एक वडील तर प्रीलिमचे पेपर घेऊन आले होते, "मॅडम, आजच्या आज काहीतरी करा." मी काय करणार? तपासणीची तारीखच फेब्रुवारीतली मिळत होती.

आणि एक. सवलत मंजूर झाली म्हणजे वापरलीच पाहिजे असं नाही. हे पालकांना सांगून सांगून घसा बसला माझा.

कोरा_चहा

माझी आज पुन्हा तपासणी केली तर शुध्दलेखनातच सर्टिफिकेट मिळेल.

पाटीपेन्सिल

'शुद्धलेखन'. द ला ध.

कोरा_चहा

बघा, निदान झालं. फी किती?

उलटा_सात

मी बाकाच्या दुसऱ्या बाजूचा. मीच तो मुलगा. नाव वाचून कळलं असेल.

दहावी २००६. टेस्टिंग झालेलं सहावीत. तेव्हा गणितात खरोखर अंधार होता, ६३ ऐकायचो आणि ३६ लिहायचो. त्या रिपोर्टवर दहावीला बीजगणित-भूमिती सोडलं आणि त्याऐवजी सातवीच्या पातळीचं गणित आणि कार्यानुभव घेतलं. घरात पेढे वाटले. माझ्या आईचा दोष नाही, तिला कोणी सांगितलंच नाही. पुढे डिप्लोमाचा फॉर्म आणला तेव्हा खिडकीवरच्या माणसाने मार्कशीट बघितली, परत दिली, आणि पुढच्याला हाक मारली. बस एवढंच.

आज हार्डवेअरचं दुकान आहे. पाऊण इंची, सव्वा इंची, सूत-दोन सूत, सगळा हिशोब तोंडी. गिऱ्हाईक मोबाइल काढेपर्यंत माझं बिल तयार. नववीत कोणी परत तपासलं असतं तर कदाचित "याला वेळ द्या, गणित काढू नका" असं निघालं असतं. कदाचित नसतंही. पण सहावीतल्या पोराच्या कागदावर दहावीतल्या पोराचे विषय ठरले, हे अजून डोक्यात बसलेलं आहे.

ताई, ठोकळ्यांचं तिला सांगा, मोठ्या मुलांना अवघड रचना देतात. बालवाडी नाही ती.

तिखटमीठ

पोळीचा लाडू म्हणजे शिळ्या पोळीचा का? आमच्याकडे त्याला मलिदा म्हणतात.

मिरजेची_मावशी

मलिदा वेगळा गं.

हां तर भाचा. त्याचा घोळ आकड्यांचाच, वर उलटा_सात यांनी लिहिलंय तसा. त्रेपन्न म्हटलं की आधी तीन ऐकू येतो ना, मग हात आधी तीन लिहितो. इंग्लिशमध्ये सांगितलं की बरोबर लिहायचा! तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, घरी कुठल्या भाषेत आकडे म्हणता? तोवर आमच्या टाळक्यात आलं नव्हतं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' छापलं तेव्हा टीव्हीवर केवढी हसली सगळी. मी एकटी टाळ्या वाजवत होते घरात.

शेवटचा_डबा

पन्नास तीन नको हो. भाषेची वाट. आमच्या आजोबांना पावकी-दीडकी पाठ होती.

मिरजेची_मावशी

आजोबांच्या वर्गातली ज्यांना पाठ झाली नाही ती पोरं कुठे गेली ते विचारा की आजोबांना.

शेवटचा_डबा

😄 बरं, हरलो. आता खरा अनुभव लिहितो, लोकल मुलुंडला थांबलीये.

मुलाची दुसरी तपासणी नववीत. माझ्याही मनात गवतीचहांसारखंच, चांगली गेली तर सवलत जाणार. आदल्या रात्री मी त्याला, लाज वाटते लिहायला, पण सांगितलं की उद्या थोडं चुकवलंस तरी चालेल. तो जेवत होता. म्हणाला, "बाबा, मला मुद्दाम नाही चुकता येत. आपोआपच चुकतं." बायकोने ताट तसंच ठेवलं आणि आत निघून गेली. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

निकाल: वाचायला येतं, पण वेग पुष्कळ कमी, आणि लिहिताना जोडाक्षरं गळतात. सवलत राहिली. मोठं पोर वाचायला लागलं म्हणजे झालं असं नसतं, वेळ किती लागतो तेही बघतात. तेव्हा ती भीती डोक्यातून काढा. आणि माझ्यासारखं काही बोलू नका.

शेवटचा_डबा

दोनदा पडला, प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

ठेचाभाकर

तुमचं मुंबईवाल्यांचं बरं आहे बाप्पा. शीव, नायर, केईएम, जिकडं जा तिकडं तपासणी. आमच्या तालुक्यात डोळे तपासाले गेलं तरी डॉक्टर मंगळवारीच येते. पोरीच्या पहिल्या टेस्टिंगले तीन चकरा झाल्या. एकदा मशीन बंद, एकदा मॅडम ट्रेनिंगले. दर वेळी माह्या मिस्टरांची एक दिवसाची मजुरी गेली. दुसऱ्या वेळी नाही केलं आम्ही. करायचं नव्हतं असं नाही. जमलंच नाही. पोरगी ४१ टक्क्यांनी पास झाली अन् आता शिवणकामाचा कोर्स करून राहिली. ब्लाउजचं माप एका नजरेत घेते.

मिरजेची_मावशी

ब्लाउज शिवून पाठवते का कुरियरने? खरंच विचारतेय. इथला शिंपी दोन महिने तारखा देतोय.

ठेचाभाकर

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ताई 😄

एडिसनकर

न्यू जर्सीतून. इथे दर तीन वर्षांनी पुनर्मूल्यांकन कायद्यातच आहे. शाळा आणि पालक दोघांनाही गरज वाटली नाही तर टाळता येतं. आमच्यासमोर असाच कागद आला, शाळेचा सूर "सगळं छान चाललंय, मुलाला उगाच त्रास कशाला". आम्ही दोघांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली. मराठी माणूस, समोरचा छान म्हणाला की विरघळतो.

सातवीत कळलं की सवलती सगळ्या वाचनाच्या, आणि पोराचं घोडं अडलंय लिहिण्यात. वाचलेलं सगळं तोंडी सांगायचा, कागदावर अडीच ओळी. चार वर्षं जुन्या रिपोर्टवर गाडा चाललेला. मग लेखी मागणी केली. शाळेची चाइल्ड स्टडी टीम टेस्टिंग करते, पैसे लागत नाहीत. त्यांचं मूल्यांकन पटलं नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून शाळेच्या खर्चाने मागता येतं, हे मला देवळातल्या एका गुजराती बाईंनी सांगितलं. शाळेने पाठवलेल्या जाडजूड पुस्तिकेत होतं म्हणे. वाचली कोणी?

गंमत म्हणजे मी यात अडकलोय आणि आईचा पुण्याहून फोन, "त्याला रोज एक पान शुद्धलेखन घाल. तुझं तसंच सुधारलं." आता मला शंका येतेय की माझीच तपासणी राहून गेली.

कोरा_चहा

या, बसा शेजारी. शुद्धलेखनाचा बाक मोकळा आहे.

निवडुंग२२

विरोधी मत लिहू का. आम्ही दुसऱ्यांदा मुद्दाम नाही केलं. शाळेत मुलीला रायटर दिला त्या वर्षी वर्गातल्या मुली "तुझा पेपर तर दुसरंच कोणीतरी लिहितं" म्हणायच्या. घरी येऊन सांगितलं नाही, मला तिच्या कंपासपेटीतली चिठ्ठी सापडली. दहावीला काहीच घेतलं नाही. ५८ टक्के पडले. वेळ मिळाला असता तर जास्त पडले असते, मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. तिला विचारलं तर अजूनही म्हणते, नको होतं तेच बरं. मी मात्र रात्री कधीकधी तो हिशोब करते.

पाटीपेन्सिल

निवडुंग, रायटर न घेता नुसता जादा वेळ घेता येतो हो. कोणी सांगितलं नाही का?

निवडुंग२२

नाही.

गवतीचहा

सगळ्यांचं वाचलं, भाजी निवडता निवडता. निवडुंग 🙏

काल रात्री फाइल टेबलावर राहिली होती. उठून बघते तर लेक रिपोर्ट वाचत बसलेली. इंग्रजी रिपोर्ट. पट्टी ओळीखाली ठेवून, एकेक ओळ. चार पानांना पाऊण तास लागला असेल. मी स्वयंपाकघरातून हललेच नाही. मग फाइल घेऊन आली, एका वाक्यावर बोट. "आई, इथे लिहिलंय मी लवकर थकते. मी थकले नव्हते. मला भूक लागली होती. लाडू तू अर्धा खाल्लास."

खाल्ला होता मी. खरंच.

तिला ते वाक्य बदलून पाहिजे. म्हटलं जुना रिपोर्ट बदलत नाहीत, नवा लिहितात. जरा वेळ गप्प बसली. मग अटी घातल्या: पहिला नंबर पाहिजे, आत जायच्या आधी खायला पाहिजे, बाबा बाहेर बसणार आणि मी नाही, कारण मला दाराबाहेरून ओठ हलवायची सवय आहे. (हे तिला कसं कळलं? हा धागा वाचला की काय!) आणि रायटर नको, वेळ पाहिजे. गणित सोडायचं नाही. उलटा_सात, तुमचं लिहिलेलं मी वाचून दाखवलं होतं तिला, विचारून नाही घेतलं, सॉरी.

पुढच्या गुरुवारची तारीख मिळालीये. नवरा अजून फुगलेला आहे, पण सुट्टी टाकलीये त्याने.

उलटा_सात

सॉरी कसलं. तिला म्हणावं कंपासपेटी घ्यायला दुकानात ये, माझ्याकडे ठेवत नाही पण बाजूच्याकडून आणून देतो.

तिखटमीठ

मग गुरुवारी डब्यात काय? आणि लाडू शिळ्या पोळीचा की ताज्या, अजून कोणी सांगितलं नाही.

गवतीचहा

शिळ्या. तूप जरा सढळ, गूळ किसून, मिक्सरला न लावता हाताने कुस्करायचं. यावेळी दोन डबे नेणारेत. तिचा वेगळा.