मदत हवी आहे: गालावरच्या ईएमजी (स्नायूंचे विद्युत सिग्नल टिपणाऱ्या) सेन्सरने चावे मोजताना आकडा दीडपट येतोय

रानजाई:
ज्वारीची भाकरी, पोळी आणि भाजलेले शेंगदाणे खाताना एका घासाला किती चावे लागतात ते मोजायचं आहे. आठ जण, प्रत्येक पदार्थाचे पाच घास, प्रत्येक घास काट्यावर ५ ग्रॅमचा.

मांडणी: एडी८२३२ चं ईसीजी मॉड्यूल, आर्डुइनो उनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), ईसीजीच्या साध्या चिकटपट्ट्या. दोन पट्ट्या उजव्या गालावर, तिसरी कानामागच्या हाडावर. बॉड रेट (सेकंदाला किती बिट पाठवायचे) ९६००, नोंद लॅपटॉपवर पायथनमध्ये. सिग्नल ठरावीक पातळीच्या (थ्रेशोल्डच्या) वर गेला की एक चावा धरते.

व्हिडिओत भाकरीच्या घासाला २८ चावे दिसतात, प्रोग्राम ४३ सांगतो. शेंगदाण्यांना उलट कमी मोजतो. बोललं, हसलं तरी चावा धरतो. थ्रेशोल्ड एकाला जुळवला की दुसऱ्याला बिघडतो. तो ठरवायची खात्रीची पद्धत कोणती?

तारयंत्र:
थ्रेशोल्डला आत्ता हात लावू नका. मुळात स्नायूचा सिग्नलच लॅपटॉपपर्यंत पोचत नाहीये.

त्या मॉड्यूलवरचे रेझिस्टर-कपॅसिटर साधारण ०.५ ते ४० हर्ट्झ एवढंच पुढे सोडतात. हृदयासाठी ते बरोबर आहे. त्वचेवरून घेतलेल्या ईएमजीचा कामाचा पट्टा मात्र साधारण २० ते ४५० हर्ट्झचा. म्हणजे हवं ते बहुतेक कापलं जातं आणि २० हर्ट्झखालचं नको ते आत येतं: त्वचेचं ताणणं, वायरीचं हलणं. भाकरीचा घास फिरताना गाल फुगतो, वायर हेलकावते, आणि तुम्ही बहुधा तेच मोजताय. मायोवेअर २.० सारखं, सुमारे २० ते ५०० हर्ट्झ सोडणारं मॉड्यूल घ्या आणि त्याचा 'रॉ', म्हणजे प्रक्रिया न केलेला आउटपुट वापरा.

दुसरी चूक बॉड रेटची. '५१२' ही एक ओळ पाठवायला तीन अंक आणि ओळ संपल्याची दोन चिन्हं, म्हणजे पाच अक्षरं. प्रत्येक अक्षराला १० बिट, एकूण ५०. ९६०० भागिले ५० म्हणजे सेकंदाला १९२ ओळी. बफर (पाठवायच्या अक्षरांची तात्पुरती जागा) भरला की सिरीयल प्रिंट ही ओळ पाठवणारी आज्ञा तिथेच थांबून राहते, त्यामुळे कोडमध्ये काहीही लिहिलं तरी वेग यापुढे जात नाही. आपल्याला सेकंदाला निदान १००० नमुने हवेत. दोन चॅनेल (दोन जागांचे सिग्नल) असले तर ओळ नऊ अक्षरांची, म्हणजे सेकंदाला ९०,००० बिट. ११५२०० मध्ये जेमतेम बसतं, २५०००० ठेवा. डिले वापरू नका, मायक्रोसेकंदांच्या घड्याळावर दर १००० ला एक नमुना घ्या. आधी १० सेकंदांची नोंद करून ओळी मोजा, १०,००० च्या आसपास यायला हव्यात.

आणि माणसाला पट्ट्या लावलेल्या असताना लॅपटॉप बॅटरीवरच चालवायचा, चार्जर काढून. ५० हर्ट्झची गुणगुण त्याने कमी होतेच, पण खरं कारण सुरक्षिततेचं आहे. यात सूट नाही.

दंतमुकुल:
पट्ट्यांच्या जागेबद्दल. दाढा आवळायला सांगा आणि जबड्याच्या कोनावर बोटं ठेवा; जो टणक उंचवटा हाताला लागतो तो मॅसेटर, चावण्याचा स्नायू. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत रेघ धरा, दोन्ही पट्ट्या त्या रेघेवर, केंद्रापासून केंद्र २० मिलिमीटर. ईसीजी पट्टीचा फोम मोठा असल्याने त्या एवढ्या जवळ बसत नाहीत आणि खालची स्नायूबाहेर जाते. कात्रीने फोमची कड कापा, मधल्या जेलला धक्का लागू देऊ नका. त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळू द्या. क्रीम-पावडर राहिली तर पट्टी सुटते. वायरीचा छोटा वेढा करून गालाला टेपने बांधा, म्हणजे ओढ पट्टीवर येत नाही.

शेंगदाणे कमी का मोजले जातात? बरेच जण एकाच बाजूने चावतात. घास डावीकडे असला तर उजवा मॅसेटरही काम करतो, पण सहसा कमी जोराने. दोन्ही गालांवर चॅनेल हवेच.

आता थ्रेशोल्ड. आधी २० हर्ट्झखालचं गाळा, मग सिग्नलची ऋण बाजू धन करा, मग १०० मिलिसेकंदांची फिरती सरासरी. घास घेण्याआधी जबडा सैल सोडून १० सेकंद नोंदवा. त्या शांत भागाची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलनं (चढउताराचं माप), हा त्या माणसाचा थ्रेशोल्ड. एका चाव्यातच सिग्नल मध्ये खाली येऊन परत चढतो आणि एकाचे दोन होतात. म्हणून चावा सुरू धरायची पातळी वरची, संपला म्हणायची खालची ठेवा, आणि १०० मिलिसेकंदांपेक्षा छोटा उठाव सोडून द्या.

बोलणं नुसत्या उंचीवरून वेगळं काढता येत नाही. लय बघा. चावणं सेकंदाला साधारण एक ते दोन वेळा, बऱ्यापैकी नियमित. बोलण्यातले उठाव तुटक. ०.४ ते १.२ सेकंदांच्या अंतराने सलग चार उठाव आले तरच ते चर्वण धरा. गिळताना त्या व्यक्तीला बटण दाबायला सांगा, नाहीतर नंतर जिभेने दाढा साफ करण्याची हालचालही मोजली जाईल.

चाव्यांच्या संख्येला एवढं पुरतं. 'भाकरीला पोळीपेक्षा किती जोर लागतो' असं विचारणार असाल तर दाढांमध्ये कापसाची गुंडाळी ठेवून ३ सेकंद पूर्ण जोराने आवळायला लावा, असं तीनदा, मध्ये मिनिटभर विश्रांती, आणि पुढचं सगळं त्या कमाल आकड्याच्या टक्क्यांत मांडा. दोन माणसांचे मिलिव्होल्ट थेट शेजारी ठेवायचे नाहीत, गालावरच्या चरबीच्या थरानेच ते बदलतात. ज्यांचा जबड्याचा सांधा दुखतो त्यांना ही चाचणी देऊ नका.

रानजाई:
१० सेकंदांत १,९२६ ओळी निघाल्या! नवीन मॉड्यूल मागवते. आणखी एक: आठातल्या तिघांना दाट दाढी आहे. घट्ट टेप लावून चालेल का?

दंतमुकुल:
नाही. केसांवर जेल त्वचेला टेकत नाही, टेपच्या दाबाने फार तर केस चपटे होतात. त्या तिघांसाठी कानशिलावरचा टेम्पोरॅलिस घ्या: डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यामागे, केसांच्या रेषेच्या पुढे, दात आवळल्यावर हलतं ती जागा. रुई झांग आणि ऑलिव्हर आम्फ्ट यांनी जर्मनीत चष्म्याच्या दांड्यांत इलेक्ट्रोड बसवून याच स्नायूवरून चर्वण टिपलं आहे. भुवया उंचावल्या की तिथे कपाळाचा सिग्नल मिसळतो, तेव्हा ताट नजरेच्या खाली ठेवा. आणि मॅसेटरचे पाच, टेम्पोरॅलिसचे तीन असे एकाच सरासरीत घालू नका. त्यापेक्षा आठही जणांचा टेम्पोरॅलिसच मोजा.

तारयंत्र:
तसं केलंत तर चष्मेवाल्यांना चष्मा काढून बसवा. दांडी पट्टीला घासली की प्रत्येक चाव्याला एक खोटा उठाव येतो, आणि तो लयीतच असल्याने गाळताही येत नाही.