मदत हवी आहे: धूळ आपोआप रिकामी करणारा स्वस्तातला रोबो व्हॅक्यूम घ्यावा का?

मंडळी, रोबो व्हॅक्यूम घ्यायचं चाललंय आणि जाहिराती वाचून वाचून डोकं भणभणलंय, म्हणून म्हटलं वापरणाऱ्यांनाच विचारावं. आधी गरज सांगते म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. आईला दमा आहे आणि धुळीची ॲलर्जी. झाडताना त्रास होतोच, पण साधा व्हॅक्यूम आणला तरी शेवटी त्याचा डबा कचऱ्यात उपडा करताना जी पिठासारखी बारीक धूळ उडते ना, खोकल्याची उबळ नेमकी तिथेच येते. मी दिवसभर बाहेर, ती घरी एकटी, आणि कितीही सांगितलं तरी साफसफाई केल्याशिवाय राहत नाही. त्यामुळे नुसता रोबो नकोय, ज्याचा डॉक, म्हणजे रोबो चार्ज व्हायला परत जाऊन उभा राहतो तो तळ, रोबोच्या पोटातली धूळ ओढून घेतो तसलाच हवाय, बाकी काही नसलं तरी चालेल. बजेट मात्र या प्रकारातलं सगळ्यात खालचं आहे, ते वाढणार नाही.

आतापर्यंत मला कळलेलं असं की रोबोतला डबा साधारण ३०० ते ४०० मिलीचा असतो, म्हणजे धुळीच्या घरात एकदोनदा फिरला की भरला, आणि डॉकमधली पिशवी अडीच-तीन लिटरची, म्हणून ती बरेच दिवस पुरते. जाहिरातीत सर्रास ६० दिवस लिहिलेलं असतं, ते कुठल्या घरातले ६० दिवस कोण जाणे. काही डॉकना पिशवीच नसते, पारदर्शक डबा असतो, तो धुवून वापरायचा. कायम पिशव्या विकत घ्यायला नकोत म्हणून हे मला आधी फार आवडलं होतं पण आता विचार करतेय की तो डबासुद्धा कधीतरी उपडा करावाच लागणार, मग आईच्या दृष्टीने फरक काय पडला?

दुसरं म्हणजे ते पास्कलचे, म्हणजे धूळ ओढायच्या जोराचे आकडे. एकाच किमतीत एक कंपनी ४००० म्हणते, दुसरी ८०००. दुप्पट आकडा म्हणजे दुप्पट सफाई का? आणि रस्ता शोधायची पद्धत, स्वस्तातले काही जायरोवर (किती वळलो ते मोजणारा सेन्सर) चालतात, काहींना वर लायडारची (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) ती गोल टोपी असते. टोपीवाला सोफ्याखाली जाईल का ही शंका आहे.

घर एका मजल्याचं, बहुतेक सगळीकडे टाइल्स, बैठकीच्या खोलीत एक काळपट जाड गालिचा, दोन खोल्यांमध्ये उंबरठे, पाळीव प्राणी नाही. आईचे केस लांब आहेत आणि गळतातही. ती स्मार्टफोन फक्त फोन घ्यायला वापरते, ॲप वगैरे तिच्या गळी उतरणार नाही. पुसणी जोडलेले रोबो पण या बजेटमध्ये दिसतायत, ते घ्यावेत की नकोत तेही सांगा. कृपया नुसतं मॉडेलचं नाव टाकू नका, का ते पण लिहा.

प्रतिसाद १

ताई, दमा आहे म्हटल्यावर पिशवीवालाच घ्या, यावर मी फार विचारच करणार नाही. पिशवी बाहेर ओढली की बऱ्याच पिशव्यांचं तोंड झडपेने बंद होतं आणि धुळीसकट ती फेकता येते, बिनपिशवीच्या डॉकमध्ये तुम्ही ३०० मिलीची धूळ उडायची ती लिटरभर झाल्यावर उडवणार, म्हणजे मूळ दुखणं तसंच. पिशव्यांचा खर्च आत्ताच बजेटमध्ये धरा आणि घ्यायच्या आधी त्या मॉडेलच्या पिशव्या आणि फिल्टर सुटे मिळतायत ना ते बघा. मिळत नसतील तर रोबो कितीही चांगला असला तरी सोडून द्या.

पण एक गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही. डॉक डबा रिकामा करतो, फिल्टर साफ करत नाही. रोबोतल्या फिल्टरवर बारीक धुळीचा थर बसतो तो आठवड्याला बाहेर नेऊन झटकावाच लागतो आणि हे काम आईने अजिबात करायचं नाही, तुम्ही करा, मास्क लावून. फिल्टर धुता येतो असं लिहिलं असेल तरच धुवा आणि पूर्ण दिवसभर वाळवा, ओलसर बसवला की त्यावर धुळीचा चिखल होऊन हवा अडते. एकदोन जास्तीचे घेऊन ठेवलेत तर वाळायची वाट बघावी लागत नाही. शिवाय 'हेपा टाइप' आणि 'हेपा' (अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर) यात फरक आहे, एच१३ दर्जा लिहिला असेल तर त्याला अर्थ असतो, टाइप या शब्दाला काही मोजमाप नाही.

आणि डॉक जेव्हा धूळ ओढतो तेव्हा दहा-पंधरा सेकंद जोरात आवाज येतो, मोठ्या व्हॅक्यूमसारखा. त्या वेळी डॉकमधून हवा बाहेर पडते, ती कितपत गाळलेली असेल हे स्वस्त मॉडेलमध्ये सांगता येत नाही. म्हणून डॉक आईच्या झोपायच्या खोलीत नको, खिडकीजवळ किंवा पॅसेजमध्ये ठेवा.

प्रतिसाद २

पास्कलच्या मागे लागू नका. तो आकडा बंद तोंडावर मोजलेला दाब असतो, तोही सगळ्यात जोरकस मोडमधला, ज्या मोडमध्ये बॅटरी भराभर उतरते आणि रोज कुणी चालवत नाही. टाइल्सवर बारीक धूळ उचलायला हवेचा प्रवाह आणि ब्रश जमिनीला नीट टेकणं जास्त कामाचं. टाइल्ससाठी ४००० पुष्कळ झालं.

लायडार मात्र सोडू नका. जायरोवाला कुठे झाडून झालंय याचा अंदाज बांधत जातो आणि चाकं घसरली की अंदाज चुकतो, एखादा कोपरा रोज राहतो, मधेच चार्ज करायला गेला तर कुठून सुरुवात करायची ते विसरतो. लायडारवाल्याकडे घराचा नकाशा असतो, त्यावर नको असलेली जागा आखून ठेवता येते. टोपीसकट उंची साधारण साडेनऊ ते दहा सेंटीमीटर भरते, तेव्हा सोफ्याखालची जागा मोजा, अगदी काठोकाठ असेल तर अडकून बसेल. उंबरठा पण मोजा, बहुतेक स्वस्त रोबो दोन सेंटीमीटरच्या वर चढत नाहीत, वर असेल तर बाहेरून उतरती पट्टी लावावी लागेल.

काळ्या गालिच्याचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. रोबोच्या पोटाखाली इन्फ्रारेड सेन्सर असतात, जमिनीवरून प्रकाश परत आला नाही की त्याला वाटतं इथे जिना आहे, आणि काळा रंग प्रकाश पिऊन टाकतो, म्हणून कडेपर्यंत जाऊन माघारी फिरतो. सेन्सरवर पट्टी चिकटवा असा सल्ला सापडेल, जिथे पायऱ्या आहेत तिथे तसं करू नका, खाली पडेल. आणि खरं सांगू, धुळीची ॲलर्जी असलेल्या घरात जाड गालिचा काढूनच टाकलेला बरा.

प्रतिसाद ३

लांब केसांचं मी सांगते, आमच्याकडे तोच ताप आहे. ब्रशला गुंडाळतात ते दिसतं तरी, पण केसांचा गोळा रोबोच्या डब्याच्या झडपेत अडकला की डॉक नुसता आवाज करतो आणि धूळ आतच राहते. आम्हाला बरेच दिवस कळलंच नाही, पिशवी भरत कशी नाही म्हणून खूश होतो. आठवड्याला डबा उघडून बघायची सवय लावा. नुसत्या तंतूंच्या ब्रशपेक्षा रबरी पात्यांचा ब्रश बरा, आणि टोकाचं बेअरिंग निघणारा असेल तर फार उत्तम कारण केस तिथेच जाऊन बसतात.

पुसणीवाला असला तरी पुसणी काढून चालवा. या किमतीत ओलं फडकं मागे फरफटत नेतो एवढंच, आणि ओलसर कचरा डब्यात गेला की तो चिकटतो, ओढला जात नाही आणि पिशवीत वास मारतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. घरी जाऊन मोजलं. सोफ्याखाली अकरा सेंटीमीटर आहे म्हणजे जाईल, एक उंबरठा मात्र तीनचा आहे, तिथे पट्टी लावते नाहीतर ती खोली मीच करेन. पिशवीवाला आणि लायडारवाला हे नक्की केलं, गालिच्याबद्दल आईशी बोलते, तिचा जीव आहे त्यावर.

ॲपचं कुणी सांगितलं नाही. मी एकदा नकाशा बनवून वेळ लावून दिली तर आईला नुसतं बटण दाबून थांबवता आणि परत पाठवता येईल ना? आणि इंटरनेट बंद पडलं तर?

प्रतिसाद २

हो, वरच्या बटणाने सुरू, थांब आणि घरी जा एवढं बहुतेकांत होतं, इंटरनेट नसलं तरी. नकाशात बदल करायला मात्र बहुधा कंपनीचा सर्व्हर लागतो, म्हणून फार अनोळखी कंपनी नको. नीटोसारखी रोबो व्हॅक्यूम बनवणारी नावाजलेली कंपनीसुद्धा २०२३ मध्ये बंद झाली. जोडताना फोन २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा, स्वस्त रोबो ५ गिगाहर्ट्झवर जोडलेच जात नाहीत आणि लोक उगाच मशीन खराब समजून परत करतात. डॉकसमोर दीड मीटर मोकळी जागा सोडा.

वेळ लावताना आई घरात नसेल किंवा दुसऱ्या खोलीत दार लावून बसेल अशी निवडा, कारण रोबोच्या बाजूचा फिरता ब्रश थोडी धूळ उडवतोच. रोबो थांबल्यावर अर्धा तास जाऊ द्या.

प्रतिसाद १

आणि ताई, गादी आणि उशीकडे दुर्लक्ष नको. धुळीतले किडे मुख्यतः तिथे असतात, रोबो तिथे पोचत नाही. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. औषध चालू असेल ते रोबो आला म्हणून कमी करू नका, डॉक्टरांना विचारूनच.

धागाकर्ती

हे करतेच. ज्यांच्याकडे पिशवीवाला डॉक वर्षभराहून जास्त चाललाय त्यांनी बॅटरी आणि डॉकच्या मोटरचा अनुभव लिहाल का? वॉरंटीत डॉक धरतात की फक्त रोबो, हे मला कुठेच स्पष्ट लिहिलेलं सापडत नाहीये.