रॅक काढून संगणक? सोमवारी माझा हात विरोधात

तापीकाठ
आमच्या कॉलेजच्या (जळगाव जिल्हा, अनुदानित, नाव विचारू नका) ग्रंथालय समितीची सोमवारी बैठक आहे. प्रस्ताव असा: मराठी आणि इतिहासाची जुनी पुस्तकं निर्लेखित करायची (म्हणजे नोंदीतून काढून रद्दीत टाकायची), निम्मे रॅक हलवायचे आणि तिथे संगणक मांडून ‘ई-लायब्ररी’ची पाटी लावायची. समितीत मीही आहे. विरोध करणार.

इन्फ्लिबनेट म्हणजे यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) ग्रंथालयांसाठीचं केंद्र; कॉलेजांना ऑनलाइन वाचनसाहित्य देणाऱ्या त्याच्या एन-लिस्ट योजनेची वर्गणी आम्ही कित्येक वर्षं भरली. हजारो नियतकालिकं, लाखाच्या वर ई-पुस्तकं. नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) अहवालात आकडा झक्क दिसतो. पण जवळपास सगळं इंग्रजीत. आमच्या एस.वाय.बी.ए.च्या बहुतेक पोरांनी पासवर्डसुद्धा नेला नाही. देवघेवीच्या खिडकीवर मात्र बीटी कार्डं (पुस्तक घरी न्यायची) घेऊन रांग असते. रांग कुठे आहे ते बघून खर्च करा, एवढंच म्हणणं.

केळीचं_पान
सर, ती रांग परीक्षेआधी पंधरा दिवसच असते, आणि क्रमिक पुस्तकांसाठी असते. तुम्हालाही माहीत आहे.

मी पीएचडी करते. घरी दोन वर्षांचं मूल आहे. पूर्वी दुसऱ्या विद्यापीठातला प्रबंध बघायचा तर शिफारसपत्र घ्या, रेल्वे पकडा, तिथे बसून हाताने उतरवून काढा. आता रात्री अकराला पोरगं झोपलं की शोधगंगा उघडते, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांचा इन्फ्लिबनेटचा ऑनलाइन साठा. यूजीसीच्या नियमांनुसार (आधी २०१६ चे, आता २०२२ चे) पीएचडी जाहीर करण्याआधी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटला द्यावी लागते. त्यामुळे आपला विषय कुणी आधी केलाय का, ते कळतं. कुणी कुणाचं उचललंय तेही कळतं! रॅकला हे जमलं नसतं.

तापीकाठ
शोधगंगेत मराठी प्रबंध शोधून दाखव. शीर्षक सापडेल. आतला शब्द टाकलास तर बरेचदा काहीच येत नाही. कुठे पानांचे नुसते फोटो, कुठे श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधलं टंकलेखन. त्यातला परिच्छेद कॉपी केला की इंग्रजी अक्षरांची भेळ हातात येते.

केळीचं_पान
मग युनिकोडचा, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता-शोधता येणाऱ्या अक्षरांचा, आग्रह धरा ना. फाँट बिघडला म्हणून शाळा बंद करायची का?

दाखलक्रमांक
मी नोकरीतली ग्रंथपाल, धुळ्याकडची. तुम्हा दोघांनाही ई-लायब्ररी म्हणजे पडदेच दिसतायत. आमच्याकडे खरा बदल काउंटरच्या मागे झाला. कोहा नावाचं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे, मूळ न्यूझीलंडचं, फुकट. ते बसवलं, बारकोड चिकटवले, दाखल नोंदवही बघून एकेक पुस्तक चढवलं. दोघी होतो, दोन उन्हाळे गेले. साठा पडताळणीला पूर्वी महिना जायचा, आता आठवड्यात होते.

आता यातली गंमत ऐका. कंत्राटी मुलांनी मराठी नावं रोमनमध्ये टंकली. म्हणजे बहिणाबाई चौधरींचं पुस्तक हवं असेल तर चौधरी हे आडनाव तीन-चार स्पेलिंगांनी शोधून बघायचं. आपल्या विद्यापीठाला २०१८ पासून ज्या बाईंचं नाव आहे, त्या बाई आमच्या यादीत चार ठिकाणी विखुरल्यात! पुस्तक रॅकवर असतं आणि संगणक म्हणतो ‘नाही’. मुलगी बिचारी परत जाते. म्हणून यंत्र आणा, पण यंत्राला मराठी शिकवायला माणूस लागतो, आणि नेमकी ग्रंथपालाचीच जागा कॉलेजं भरत नाहीत. प्रस्तावात त्याबद्दल काही आहे का?

तापीकाठ
नाही. ‘फर्निचर’ आहे.

साक्रीकर_भो
सर, मी संगणकाच्या बाजूने. पण तुमच्या ई-जर्नलसाठी नाही.

आमना गावमा रेंजच नही, तं घरबसल्या ई-बुक कथाईन वाचो? सकाळच्या एसटीने येतो, लेक्चर बाराला संपतं, गाडी साडेपाचला. मधले साडेपाच तास जायचं कुठं? मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होते, पंखा फक्त लायब्ररीत. तिथंच बसतो. महाडीबीटीचा स्कॉलरशिप फॉर्म, एमपीएससीचा फॉर्म, हॉलतिकीट, सगळं ऑनलाइन. मोबाईलवर भरताना मधेच अडकतं, म्हणून कॅफेवाल्याला पैसे मोजतो. लायब्ररीत दहा संगणक चालू राहिले तर तेवढे वाचतील. तुम्ही याला वाचन म्हणणार नाही. नका म्हणू.

केळीचं_पान
हे मला सुचलंच नव्हतं, खरं सांगते. आणि जर्नलचं म्हणाल तर २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालंय, सगळ्यांसाठी एकत्र वर्गणी भरण्याची केंद्राची योजना. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना ते मिळतं. उद्या अनुदानितांनाही दार उघडलं तर तुमच्याकडे एकही धड संगणक नसेल.

जुनं_दप्तर
निवृत्त माणूस आहे, उशिरा आलो. ६,००० कोटींचं कौतुक आहेच. पण खानदेशावरचं एखादं नियतकालिक त्या यादीत असेल तर मला दाखवा, मी पेढे देतो.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं उचलून आणत. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. ते कागद आज बघायला मिळतात, कारण ‘हे कोण वाचतं?’ हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. तुमच्या निर्लेखनाच्या ढिगात गावच्या सहकारी सोसायटीचा सुवर्णमहोत्सवी अंक असेल, जुनं गॅझेटियर असेल. गॅझेटियर नेटवर मिळेल, सोसायटीचा अंक नाही मिळणार. तो रद्दीत गेला की गेला. स्कॅनर घ्यायचाच तर तो आपल्या कागदांसाठी घ्या. एल्सव्हिअरसारख्या बड्या जर्नल-प्रकाशकाला तुमच्या स्कॅनरची गरज नाही.

तापीकाठ
जुनं_दप्तर, हे बैठकीत तुमच्याच शब्दांत मांडतो. संगणकांना आता माझा विरोध नाही, साक्रीकरने तो काढून घेतला. निर्लेखनाला आहे. आधी छाननी, जे दुसरीकडे कुठे नाही ते बाजूला, त्याचं स्कॅनिंग; रॅक नंतर. दाखलक्रमांक ताई, छाननीचा नमुना असेल तर पाठवाल?

दाखलक्रमांक
पाठवते. पण छाननी करणार कोण, तेही त्याच कागदावर लिहून घ्या. नाहीतर शिपायाच्या गळ्यात पडेल.

साक्रीकर_भो
आन पाचला कुलूप लावतात त्याचं काय? गाडी साडेपाचला शे.