सिंगापूरहून आलेलं चिनी मूळ आबांनी फेणीत घातलंय

खानापूरचा_पोर
मेव्हणा जहाजावर असतो. त्यानं आबांच्या गुडघ्यांसाठी काळ्या चकत्यांची पुडी आणली, 'फूझी' म्हणे. वर सगळं चिनीत. आबांनी कुणाला न विचारता मूठभर चकत्या काजूफेणीच्या बाटलीत टाकल्या. आठ दिवस भिजवून आज जेवणाआधी दोन टोपणं घेतली. आता ओठ बधिर झालेत, जिभेला मुंग्या आल्यात म्हणालेत. वय 68, बीपीची गोळी चालू. झोपवू काय?

शहापूर_गल्ली
झाडपाल्यानं काय होतंय ओ! आमचे काका वर्षभर बचनागाची गोळी खातात. दूध-तूप द्या.

वैद्यबाई_निपाणी
दूध-तूप राहू दे, आधी गाडी काढा. ईसीजी मशीन असलेल्या दवाखान्यात न्या. बाटली आणि पुडी दोन्ही सोबत घ्या. आबांना चालवू नका, वाटेत एकटं सोडू नका.

फूझी हे बचनागाच्याच कुळातलं कंद. ओठ-जीभ बधिर होणं ही पहिली खूण. मग उलट्या, आणि हृदयाचे ठोके बिघडतात. त्यावर उतारा असं औषध नाही, ठोक्यांवर नजर ठेवून उपचार करतात.

शहापूर, तुमच्या काकांचा बचनाग शुद्ध केलेला असतो. शिकताना मी स्वतः केलाय: तुकडे पुरचुंडीत बांधून तीन दिवस गोमूत्रात, रोज नवं, मग दुधात तीन तास उकळणं. एकदा हात न धुता बोट जिभेला लागलं. संध्याकाळपर्यंत चहा नुसतं गरम पाणी लागत होता! कायद्यातही बचनाग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणून गोळीच्या बाटलीवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असं छापावं लागतं. वाचा एकदा.

चिनी वैद्यही फूझी कच्ची देत नाहीत. आधी मिठाच्या पाण्यात मुरवून शिजवतात आणि काढा करताना बाकीची औषधं घालण्याआधी ती एकटीच अर्धा-एक तास उकळतात. पाण्यात उकळलं की त्यातलं विष, ॲकोनिटिन, फुटून सौम्य होतं. दारूत ते नुसतं उतरतं, फुटत नाही.

खानापूरचा_पोर
बेळगावात आहोत. दारातच उलटी झाली. ठोके मधेमधे चुकालेत, आत घेतलंय. डॉक्टरांनी बाटलीचा वास घेऊन माझ्याकडंच बघितलं.

चिकोडी_शिक्षक
बाई, पुडीत फूझीच आहे कशावरून?

वैद्यबाई_निपाणी
नाहीच सांगता येत. 1990 च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी नावाला जवळची दुसरीच मुळी गेली. कित्येक बायकांची मूत्रपिंडं गेली. म्हणून तर पुडी न्यायला सांगितली.

खानापूरचा_पोर
दोन रात्री ठेवून आज सोडलं. ठोके सरळ आहेत. गुडघे मात्र तसेच, त्यावरून माझ्यावरच राग. चकत्या काढून टाकून फेणी गाळून घेतली तर चालेल काय, म्हणून विचारालेत.

वैद्यबाई_निपाणी
विष फेणीतच आहे आता. मोरीत ओता, आबांसमोर.